रिमोटची भांडणं आणि शनिवारची रात्र: घरी एकत्र बघायला सुरुवात कशी करावी

घरात मोठा टीव्ही आला. दोन-तीन ओटीटींची वर्गणी भरून झाली. वायफायही बरं चालतं. तरी शनिवारी रात्री आजी तिच्या खोलीत मालिका बघते, मुलं आपापल्या मोबाइलवर रील्स सरकवत बसतात, आणि आई-बाबा ‘काय बघूया?’ म्हणत एका पोस्टरवरून दुसऱ्यावर जात पाऊण तास घालवतात आणि काहीच न बघता झोपतात. ज्यांच्या घरी असं होतं आणि ज्यांना ते थोडं बदलायचंय, त्यांच्यासाठी हा लेख. सिनेमातलं फार कळावं लागत नाही, होम थिएटर लागत नाही, नवी वर्गणीही बहुतेक वेळा लागत नाही.

एक मत आधीच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घर म्हणजे थिएटर नव्हे आणि त्याचं थिएटर करायचा हट्ट धरला की हा उपक्रम दुसऱ्या आठवड्यात बंद पडतो. कुकरची शिट्टी होणार. दारावर कुणीतरी येणार. आजोबा मध्येच ‘हा तोच ना, त्या दुसऱ्या सिनेमातला?’ म्हणून विचारणार आणि त्यावर दोन मिनिटं वाद होणार. ‘शूऽऽ गप्प बसा’ म्हणण्यापेक्षा, एवढ्या गडबडीत टिकेल असंच काहीतरी निवडावं. विनोदी मालिका अशा गडबडीत सहज तग धरते. माहितीपट मध्येच थांबवला तर उलट जास्त समजतो. सिनेमाचं मात्र तसं नाही, त्याला थोडी शांतता लागतेच. म्हणून सुरुवातही याच क्रमाने करा.

आधी वीस-पंचवीस मिनिटांचं काहीतरी

पहिल्या दिवशी अडीच तासांचा सिनेमा लावू नका. ज्या घरात एकत्र बसायची सवयच मोडली आहे तिथे अडीच तास ही शिक्षा वाटते. जेवणं आटोपल्यावर विनोदी मालिकेचा एक भाग लावा. एकच. तो संपला की टीव्ही बंद. ‘अजून एक लावूया ना’ असं मुलांनी म्हटलं तर काम झालं, पण दुसरा भाग दुसऱ्या दिवशी.

यासाठी एक छोटी तांत्रिक गोष्ट आधी करून ठेवा. बहुतेक ओटीटींवर एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. ती सोय प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. काही ठिकाणी ती टीव्हीवरच्या ॲपमध्ये सापडत नाही. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमधून खात्यात शिरावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते केलं नाही तर ‘एकच भाग’ हा नियम पाळणं अवघड.

कोणती मालिका? तीन पिढ्या एका घरात असतील तर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’पासून सुरुवात करा असं मी डोळे मिटून सांगेन. केदार शिंदेंच्या दिग्दर्शनाखाली ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती आधारलेली होती आणि आबा टिपरेही तेच झाले होते. तिच्यात खलनायक नाही, कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही. मध्यमवर्गीय घरातले साधे घोळ आहेत. आजच्या मुलांना त्यातला लँडलाइन फोन आणि त्या काळचे कपडे बघूनच हसू येतं, आणि तिथून आजीच्या गोष्टी सुरू होतात.

हिंदी चालत असेल तर ‘गुल्लक’ बघा. २०१९ पासून आलेल्या या मालिकेच्या एका सीझनमध्ये पाचच भाग असतात, म्हणजे एका आठवड्यात एक सीझन आरामात होतो. किशोरवयीन मुलं असतील तर जसपाल भट्टींचा १९८९ चा ‘फ्लॉप शो’ लावून बघा. सरकारी कचेरीतल्या गमती बाबांना आजही जशाच्या तशा ओळखीच्या वाटतील. मुलांना सुरुवातीला तो संथ वाटेल, तेवढा धीर धरावा लागतो.

घरात कुणाला मराठी येतं, कुणाला कन्नड, कुणाला फक्त इंग्रजी, अशी सरमिसळ असेल तर ‘मिस्टर बीन’ला तोड नाही. १९९० ते १९९५ या काळात आलेले जेमतेम पंधरा भाग, आणि त्यांत बोलणं जवळजवळ नाहीच. सहा वर्षांचा नातू आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच जागी हसतात, असं फार थोड्या कार्यक्रमांत होतं.

जुन्या विनोदाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडच्या कितीतरी विनोदी मालिकांत आणि प्रहसनांत जाडेपणावर, काळ्या रंगावर, बायकोवर, साडी नेसलेल्या पुरुषावर सर्रास विनोद असतात. आपल्याला ते सवयीने खपतात, मुलं मात्र थबकतात आणि विचारतात. अशा वेळी विषय बदलू नका आणि मालिका बंदही करू नका. ‘तेव्हा यावर हसायचे, मला आता तितकं हसू येत नाही’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

कोणी निवडायचं

खरी अडचण इथे आहे. ‘सगळ्यांना आवडेल असं’ शोधायला बसलं की कुणालाच फारसं न आवडणारं काहीतरी हाती लागतं. त्यापेक्षा पाळी लावा. या शनिवारी आजीची, पुढच्या शनिवारी धाकटीची, मग बाबांची. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा. बाकीच्यांना महिन्यातून एकदाच ‘हे नको’ म्हणता येईल. हा नकार एकदाच वापरायचा असल्यामुळे लोक तो जपून ठेवतात आणि बऱ्याचदा वापरतच नाहीत.

निवड शुक्रवारी रात्रीपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. शनिवारी टीव्हीसमोर बसून शोधायचं नाही, हा नियम कडक ठेवा. ज्याने निवडलंय त्यानेच तो कार्यक्रम कुठे आहे, किती वेळाचा आहे, भाड्याने घ्यावा लागतो का आणि कोणत्या वयासाठी आहे हे बघून ठेवायचं. आठ-दहा वर्षांची मुलंही हे फार उत्साहाने करतात. त्यांना अधिकार मिळतो ना!

आणखी एक. वीस मिनिटं झाल्यावर कुणालाच मजा येत नसेल तर बंद करायला लाजू नका. पैसे भरलेत, एवढा नावाजलेला सिनेमा आहे, पुरस्कार मिळालाय, ही कारणं थिएटरमध्ये ठीक. मात्र वीस मिनिटांच्या आत कुणी कुरकुर करायची नाही.

खोली, पडदा आणि आवाज

यावर लोक एकतर अजिबात लक्ष देत नाहीत किंवा लाखभर रुपये घालवतात. दोन्हीची गरज नाही.

बसायचं अंतर: टीव्हीचा आकार इंचात जेवढा, त्याच्या साधारण दीडपट इंच दूर बसलं की चित्र डोळ्यांत भरतं आणि मान हलवावी लागत नाही. ४३ इंची टीव्हीला हे अंतर साडेपाच फुटांच्या आसपास येतं, ५५ इंचीला सात फूट. आपल्याकडे दिवाणखान्यात सोफा भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये दहा-बारा फूट, अशी मांडणी असते. तेवढ्या अंतरावरून ४३ इंची पडदा लहानच दिसतो. नवा टीव्ही घेण्याआधी त्या रात्रीपुरती सतरंजी टाकून पुढे बसून बघा. टीव्ही भिंतीवर फार उंच टांगलेला असेल तर जमिनीवर बसणाऱ्यांची मान दुखते. पडद्याचा मध्य साधारण डोळ्यांच्या रेषेत हवा.

चित्र: दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून त्यावर भडक रंगांचा मोड लावलेला असतो आणि पुष्कळांच्या घरी तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. माणसांचे चेहरे रंग फासल्यासारखे दिसत असतील तर कारण हेच. सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड निवडा. नव्या टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो त्याहून बरा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट, मंद वाटेल. मग डोळे सरावतात आणि जुना मोडच विचित्र वाटू लागतो.

सिनेमा बहुतेक वेळा सेकंदाला २४ चौकटींनी (म्हणजे फ्रेम्सनी) चित्रित होतो. बरेच टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतःच्या चौकटी तयार करून घुसवतात, त्यामुळे हालचाल तेलकट गुळगुळीत होते आणि मोठ्या खर्चाचा सिनेमाही रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. क्रिकेटला हे बरं, सिनेमाला वाईट. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव दिलंय: एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’. शोधून बंद करा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा नव्या महागड्या केबलनेही पडत नाही.

दूरदर्शनच्या काळातल्या मालिका ४:३ या जवळजवळ चौकोनी आकारात आहेत. आजच्या १६:९ पडद्यावर त्या लावल्या की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ‘अर्धा टीव्ही वाया जातोय’ म्हणून कुणीतरी रिमोटने चित्र ताणतं आणि सगळी माणसं एका क्षणात जाड होतात. पट्टे राहू द्या.

आवाज: आजचे टीव्ही इतके चपटे असतात की त्यांचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात. संगीत दणक्यात ऐकू येतं आणि संवाद पुटपुटल्यासारखे. आजोबा आवाज वाढवतात, गाणं आलं की आई कमी करते, आणि हा खेळ रात्रभर चालतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’, ‘डायलॉग’ किंवा ‘नाइट मोड’ अशा नावाचं काहीतरी असेल, ते सुरू करा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची जागा पडद्याजवळ, मधोमध. आणि उपशीर्षकं चालू ठेवायला अजिबात कमीपणा मानू नका, मराठी सिनेमालासुद्धा. तेवढ्याने फरक पडला नाही तरच साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या वेगळ्या स्पीकरचा विचार.

दिवे सगळे घालवू नका. पडद्यावर ज्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं तेवढी बंद करा आणि टीव्हीच्या मागे किंवा कोपऱ्यात एखादा मंद दिवा ठेवा. डोळ्यांना त्रास होत नाही आणि उठणारा माणूस पाण्याच्या तांब्याला लाथ मारत नाही.

इंटरनेटचं थोडक्यात: नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट वेग असावा असं सांगतं. एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावलात तर अर्ध्या तासात खेळ खलास. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड नाही त्यांनी आदल्या रात्री वायफाय असेल तिथे फोनवर डाउनलोड करून ठेवावं. टीव्ही जुना पण एचडीएमआयचं छिद्र असलेला असेल तर स्ट्रीमिंग स्टिक लावून तो स्मार्ट होतो. नवा घ्यायची घाई नको.

माहितीपटाला घाबरू नका

साठीच्या पुढच्या माणसांसमोर ‘माहितीपट’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. त्याला कारण आहे. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ मध्ये सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी तिचा समाचारपट किंवा माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. बहुतेक प्रेक्षक तो वेळ बाहेर शेंगदाणे घेण्यात घालवायचे. त्या फिल्म्समध्ये फार सुंदर कामही झालेलं आहे, पण मनावर ठसली ती सक्तीच. तेव्हा घरात ‘आज माहितीपट बघूया’ असं जाहीर करूच नका. ‘हत्तीची एक गोष्ट बघूया’ म्हणा.

हत्तीची गोष्ट म्हणजे ‘द एलिफंट व्हिस्परर्स’. कार्तिकी गोन्साल्विस यांचा हा लघुमाहितीपट २०२३ मध्ये ऑस्कर जिंकला. तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या अनाथ पिल्लाला वाढवतं, एवढंच त्यात आहे. लांबी चाळीस मिनिटांच्या आसपास. नवशिक्यांसाठी हीच लांबी बरोबर.

दुसऱ्या वेळी बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या २०१६ च्या मालिकेतला शेवटचा, शहरांवरचा भाग लावा. सहा भागांपैकी हा सहावा. क्रम मोडला तरी काही बिघडत नाही, कारण त्यात मुंबई आहे. रात्रीच्या अंधारात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने शहरातले बिबटे टिपलेत. मुंबई-ठाण्याच्या मुलांना आपल्या वस्तीपलीकडे काय फिरतं हे कळल्यावर ती पुढचे चार दिवस दुसरं काही बोलत नाहीत. त्याच मालिकेच्या पहिल्या भागात नुकतीच अंड्यातून निघालेली घोरपडीसारखी इग्वानाची पिल्लं आणि त्यांच्यामागे लागलेले सापांचे थवे आहेत. दृश्य जबरदस्त आहे, पण पाच-सहा वर्षांची मुलं रात्री झोपत नाहीत. शिकार असलेले भाग दिवसा बघा. रविवारी सकाळी पोहे खाताना उत्तम.

माहितीपट बघताना पॉज दाबायला परवानगी द्या, किंबहुना आग्रह धरा. सिनेमात थांबवलं की रस जातो, इथे उलट. ‘हे कुठं आहे?’ असं कुणी विचारलं की थांबवा आणि नकाशा उघडा. भिंतीवर नकाशा टांगलेला असेल तर फोनपेक्षा तो बरा, कारण फोन उघडला की नोटिफिकेशन दिसतात आणि माणूस गेला.

कार्यक्रम संपल्यावर मुलांची परीक्षा घेऊ नका. ‘काय शिकलास?’ हा प्रश्न विचारलात की पुढच्या वेळी ते पोट दुखतंय म्हणतील. त्यापेक्षा ‘कोणतं दृश्य परत बघायचं?’ असं विचारा आणि खरोखर मागे नेऊन दाखवा. कुणाला काय भावलं ते यातून आपोआप कळतं.

आता सिनेमा

दोन-तीन आठवडे असे गेले की सिनेमाला हात घाला. पहिला सिनेमा दीड तासाच्या आसपासचा असावा. मराठीत यासाठी परेश मोकाशींचे दोन सिनेमे अगदी बेतल्यासारखे आहेत.

‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ चा. पंढरपुरातली दोन भावंडं, वडिलांनी बनवलेली सायकल आणि ती वाचवण्यासाठी यात्रेच्या गर्दीत चाललेला त्यांचा उद्योग. पैशांची तंगी मुलांना दाखवायची आणि तरी सिनेमा रडका होऊ द्यायचा नाही, हे फार थोड्यांना जमतं. आजीला त्यातलं पंढरपूर आवडतं, मुलांना सायकल.

दुसरा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. २००९ चा हा सिनेमा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा बनवला ते हसत-खेळत सांगतो. नंदू माधव फाळके झालेत. हा सिनेमा बघितल्यावर त्याच रात्री ‘राजा हरिश्चंद्र’चे उरलेले तुकडे शोधून बघा, ऑनलाइन सहज मिळतात आणि काही मिनिटांतच संपतात. स्त्रीच्या वेषातले पुरुष पडद्यावर आले की मुलं आता हसत नाहीत, ‘यांना मिशी काढायला लावली होती!’ म्हणून ओरडतात. फाळक्यांनी भांडवल उभं करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली होती. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात मोड यायला ठेवलेल्या मटकीवर मोबाइलचा टाइम-लॅप्स लावा. फोन एका जागी टेकवून आणि चार्जरला जोडून ठेवायचा, एवढीच अट.

मराठीबाहेर जायचं असेल तर माजिद माजिदी यांचा इराणी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७ चा. बहिणीचे बूट हरवतात आणि बहीण-भाऊ एकाच जोडावर शाळा भागवतात. चॅप्लिनचा १९२१ चा ‘द किड’ तासाभराचा आणि मुका, त्यामुळे भाषेची अडचण फारशी नाही. उपशीर्षकं आठ वर्षांखालच्या मुलांना झरझर वाचता येत नाहीत. मोठ्या ताईने किंवा काकाने ती मोठ्याने वाचावीत. थोडं नाटकी वाचलं तर फारच छान.

‘अशी ही बनवाबनवी’चं काय, असं तुम्ही विचारणारच. १९८८ पासून महाराष्ट्र तो बघतोय आणि घरातल्या निम्म्या माणसांना संवाद पाठ आहेत. अडचण तीच आहे. मोठी माणसं प्रत्येक संवाद नटाच्या आधी म्हणतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. मुलं पहिल्यांदा बघत असतील त्या दिवशी मोठ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. दुसऱ्यांदा बघताना मनसोक्त.

आपल्या सिनेमांना मध्यंतर असतं, आणि कथा त्या हिशेबाने रचलेली असते. घरी त्याचा फायदा घ्या. अडीच तासांचा सिनेमा मध्यंतराला थांबवून उरलेला रविवारी बघा. पुढे काय होणार यावर दिवसभर पैजा लागतात. पण सिनेमाची पहिली वीस मिनिटं मात्र अखंड बघायची: फोन दुसऱ्या खोलीत, गॅस बंद, सगळे बसलेले. माणसांची ओळख तिथे होते. ती चुकली की उरलेला वेळ ‘ही कोण?’ विचारण्यात जातो.

‘गॅस बंद’ हे मुद्दाम लिहिलंय. बऱ्याच घरांत सगळे बसतात आणि एक बाई ओट्यापाशी उभी राहून आवाजावरून सिनेमा ऐकते. त्या दिवशी जेवण आधी उरका, खिचडी-पापड करा नाहीतर बाहेरून मागवा. खायला काही हवंच तर लाह्या किंवा फुटाणे. कुरकुरीत चिवडा संवादांच्या मध्ये येतो आणि भेळ मध्यंतरापर्यंत मऊ पडते.

वय आणि प्रमाणपत्र

पूर्वी सेन्सॉरचं यू, यूए, ए एवढंच बघायचो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सिनेमांच्या यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ओटीटीवर हीच विभागणी २०२१ च्या नियमांनी आलेली होती. यूएचा अर्थ बंदी नव्हे, त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय ओटीटींना द्यावीच लागते. सेटिंगमध्ये पिन घालून ठेवा. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि आपल्या प्रोफाइललाही पिन लावा, नाहीतर पोरं सरळ त्यातून शिरतात.

पण प्रमाणपत्र मारामारी, शिव्या, नग्नता मोजतं. दुःख ते मोजत नाही. संदीप सावंतांचा २००४ चा ‘श्वास’ मोठा सिनेमा आहे, त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला लहान मुलगा आणि त्याचे आजोबा, हे सात वर्षांच्या मुलाला पेलत नाही. घरात नुकतंच कुणाचं मोठं आजारपण झालं असेल तर मोठ्यांनाही नाही. गाव बदलावं लागलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा ‘किल्ला’ दहा-अकरा वर्षांच्या पुढे, विशेषतः शाळा किंवा गाव बदलावं लागलेल्या मुलांना. त्याआधी ती कंटाळतात. नवा सिनेमा असेल तर निदान एका मोठ्या माणसाने आधी बघून ठेवावा, दीडपट वेगाने बघितला तरी चालेल.

कुठे मिळतं, किती पैसे

चार वर्गण्या एकदम भरू नका. एक महिना एक, पुढच्या महिन्यात दुसरी. सिनेमे एका ओटीटीवरून दुसऱ्यावर जात राहतात, त्यामुळे शुक्रवारीच नाव शोधून खात्री करायची. फुकटातही पुष्कळ आहे. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ॲप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. डीडी फ्री डिशला छत्रीचा खर्च एकदाच, महिन्याची वर्गणी नाही. टेलिग्रामवरच्या चोरट्या प्रती टाळा; नैतिकता बाजूला ठेवली तरी त्यांत आवाज मागेपुढे असतो आणि उपशीर्षकांवर सट्ट्याच्या जाहिराती असतात. आणि सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून सगळ्यांना दाखवायचं मनात आलं तर ते घरगुती बघणं उरत नाही, हक्कधारकाची परवानगी लागते.

नातवंडं परदेशी असतील तर

एकत्र बसायला एकाच खोलीत असावं लागत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. पुण्यात शनिवारी संध्याकाळी साडेसातला आजी-आजोबा बसले तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, नाश्ता झालेला, शाळा नाही. याहून सोयीची वेळ नाही.

आधी दोन्ही देशांत तो कार्यक्रम मिळतो का ते बघा. प्रदर्शनाचे हक्क देशानुसार वेगळे असतात आणि इथे दिसणारा सिनेमा तिथे बऱ्याचदा दिसत नाही. दोन्हीकडची प्रत एकच हवी, म्हणजे लांबीही सारखी. तिकडच्या मुलांना मराठी बोललेलं कळतं पण भराभर बोललेलं निसटतं, म्हणून तिकडे इंग्रजी उपशीर्षकं, इकडे बंद. कार्यक्रम टीव्हीवर आणि व्हिडिओ कॉल वेगळ्या फोनवर ठेवा. फोन टीव्हीच्या बाजूला नको, बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे तोंड करून टेकवा, म्हणजे हसणारी माणसं दिसतील. एकाने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि दोन्हीकडे एकदम बटण दाबायचं. टीव्हीचा आवाज फोनमधून परत घुमत असेल तर बघताना दोन्ही फोनचे माइक बंद करा आणि बोलायचं असेल त्याने तेवढ्यापुरता चालू करावा. अर्ध्यावर एकदा ठरवून थांबा. एव्हाना एका बाजूचं चित्र दहा-वीस सेकंद पुढे गेलेलं असतं. पडद्यावरची वेळ एकमेकांना वाचून दाखवा, मागे-पुढे करून जुळवा आणि पुन्हा ‘एक, दोन, तीन’.